तुळशीबागेतलं बोंडलं आणि न जेवणारं मूल

चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात बाळाच्या संगोपनाचे नियम आहेत, आणि त्यात खेळण्यांचीही चौकशी केलेली आहे. खेळणी रंगीबेरंगी आणि वाजणारी असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी बारीक नसावीत, मूल दचकेल अशी नसावीत. याला लागूनच पुढची सूचना येते. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल, तर राक्षसाचं, पिशाच्चाचं किंवा पूतनेचं नाव घेऊन त्याला भिववू नये. इतक्या जुन्या काळी बंदी घालूनही बागुलबुवा मराठी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला तो बसलाच.

खेळणं आणि घास या दोन गोष्टी चरकानं शेजारीशेजारी ठेवल्या. पुण्यात त्या शेजारीशेजारी विकल्या गेल्या त्या बुधवार पेठेत.

ही पेठ मुळात औरंगजेबाची. 1703 मध्ये पुण्यात त्याच्या नातवाचा मृत्यू झाला आणि त्या नातवाच्या नावानं ‘मुहियाबाद’ वसवलं गेलं. पेशवाईत तिला वाराचं नाव मिळालं. तांबडी जोगेश्वरी इथलीच. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा इथलाच. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला बुधवार वाडा 1879 च्या आगीत जळाला तोही इथेच. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नारो आप्पाजी खिरे यांनी तुळशीच्या बागेच्या जागी राममंदिर उभारलं, त्यावरून ते तुळशीबागवाले झाले. देवळाच्या आवारात पूजेची उपकरणं, तांब्यापितळेची भांडी, कुंकू, बांगड्या असा बाजार जमत गेला. 1886 मध्ये शेजारी मंडई सुरू झाली आणि भाजीला आलेल्या बाईची दुसरी फेरी तुळशीबागेत ठरून गेली. या बाजारात लहान मुलांच्या संसाराचं सगळं मिळे: खुळखुळा, चमचा-वाटी, लाकडी ठकी, आणि अर्थातच भातुकली.

भातुकलीबद्दल मराठीत हळवं लेखन भरपूर झालं आहे, त्यामुळे इथे जरा तिच्या बनावटीकडे बघू. पूर्ण संचात चूल, जातं, पाटा-वरवंटा, परात, पोळपाट-लाटणं, कळशी, ओगराळं, झारा, किसणी, कधी सोऱ्या, कधी पाण्याचा बंबसुद्धा. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मोठी भांडी घडून येत. 1885 च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तांब्यापितळेचं काम हा शहराचा एक प्रमुख उद्योग म्हणून नोंदलेला आहे. छोट्या भांड्यांत मोठ्या भांड्यांची हुबेहूब नक्कल असे, कान आणि कडीसकट. तीन-चार वर्षांच्या मुलीनं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पळी धरायची, कळशीतून फुलपात्रात पाणी ओतायचं, सांडलं की पुसायचं, कुरमुऱ्याचा ‘भात’ वाढायचा आणि स्वतः चाखून बघायचा. आज ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या उपचारांच्या, खोलीत शिरलं, तर टेबलावर नेमकी हीच कामं मांडलेली दिसतात. मूल काय खातं याइतकंच ते अन्नाला हात लावतं का, त्याचा वास घेतं का, दुसऱ्याला वाढतं का, याकडे तिथे लक्ष दिलं जातं.

पण या साम्यावरून ‘आमच्या आज्यांना सगळं ठाऊक होतं’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे वस्तू एकेक करून तपासलं तरच कळतं.

बोंडलं घ्या. चांदीची, पितळेची किंवा नंतरच्या काळात स्टीलची ही उथळ वाटी, एका बाजूला निमुळती होत गेलेली चोच. ऐपत असली तर सराफाकडून चांदीचं, नसली तर भांड्यांच्या दुकानातून. आईचं दूध पुरेना किंवा आई आजारी पडली, की गाईचं पाणी घातलेलं दूध बोंडल्यानं बाळाच्या ओठांत सोडत. औषध, एरंडेल, गुटी, सगळं त्याच वाटेनं. दक्षिणेत याच भांड्याला पलाडै म्हणतात आणि तिथून ते नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात पोहोचलं. गर्भारपणाचे साधारण 34 आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन क्रियांची सांगड घालता येत नाही. अशा बाळाला आईचं काढलेलं दूध पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा पलाडै बरी, असं भारतातल्या नवजात तज्ज्ञांनी अभ्यास करून मांडलं. बाटली धुवायला अवघड, चोच धुवायला सोपी, हेही एक कारण. बाटल्यांच्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातबाजीला 1992 च्या कायद्यानं आपल्याकडे बंदीच आहे.

म्हणजे बोंडलं शहाणं होतं. पण हात नेहमी शहाणे नसत. बाळ तोंड मिटून घेई तेव्हा मांडीवर आडवं घट्ट धरून, प्रसंगी नाक दाबून, चोच ओठांच्या कोपऱ्यातून आत सारली जाई. श्वासासाठी तोंड उघडलं की द्रव आत. ठसका लागला तर पाठ थोपटायची. अशा रीतीनं पाजलेलं मूल पुढे चमचा दिसताच मान का फिरवतं, हे घरात कुणी विचारत नसे. आज थेरपिस्ट पालकांना पहिल्याच भेटीत जे प्रश्न विचारते, त्यांत हा असतो: याला कधी जबरदस्तीनं भरवलं होतं का? नाकातून नळी घातली होती का? मुदतीआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण त्यांच्या तोंडाला पहिला अनुभव स्तनाचा नसून नळीचा आणि चिकटपट्टीचा आलेला असतो.

गुटीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. मंडईच्या परिसरात काष्ठौषधींच्या दुकानांतून बाळगुटीचा संच अजून मिळतो: वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम. सहाणेवर प्रत्येकाचे ठरलेले वेढे उगाळायचे आणि दुधात कालवून चाटवायचं. बालरोगतज्ज्ञ आज पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. सहाणेवरचं पाणी, न धुतलेले हात आणि वेढ्यांचा अंदाज हे तान्ह्या बाळासाठी धोकेच. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. गुटी चाटणाऱ्या बाळाला कडू, तुरट, तिखट अशा चवी कणाकणानं, रोज, त्याच वेळी, त्याच मांडीवर मिळत. नको असलेल्या चवीची ओळख पुन्हापुन्हा, थोडीथोडी करून दिली की ती स्वीकारली जाते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलं. आजीचा हेतू चव शिकवण्याचा नव्हता, पोट साफ ठेवण्याचा होता.

नंतर उष्टावण. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर. पुढच्या आठवड्यापासून वरणाचं पाणी, पेज, गुरगुट्या भात, मग मेतकूट-तूप-भात, मग पोळीचा कुस्करा. ही चढण मऊकडून जाडसराकडे जाते आणि तिचं वेळापत्रक कुठे लिहिलेलं नसलं तरी घरोघरी पाळलं जाई. ब्रिस्टलच्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या मोठ्या अभ्यासात 2001 मध्ये असं आढळलं, की ज्यांना दहा महिन्यांचे होईपर्यंत गाठी-कण असलेलं अन्न दिलं गेलं नव्हतं, त्यांच्यात खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या. जिभेनं घास दाढेकडे सरकवणं ही शिकायची कला आहे. तिचा सराव राहून गेला तर मूल गिळतं, चावत नाही.

आणि हा सराव मोडायचं एक यंत्र बुधवार पेठेतल्याच तपकीर गल्लीच्या मालाबरोबर घरात आलं. साठच्या दशकात ‘सुमीत’नं भारतीय वाटणासाठी मिक्सर बाजारात आणला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो मध्यमवर्गाच्या ओट्यावर स्थिरावला. विजेच्या सामानाच्या या गल्लीत मोटारी, पाती, भांडी, दुरुस्ती सगळं होतं. पाट्या-वरवंट्यावर वाटलेल्यात कण राहत. मिक्सरमधून निघालेला वरणभात एकजीव, गुळगुळीत. नोकरीवर धावणाऱ्या आईला तो सोयीचा, भरवणाऱ्या बाईला सोयीचा, मुलालाही सोयीचा. तिसऱ्या वर्षापर्यंत मिक्सरमधलंच खाणारं आणि पोह्यातली मोहरी दाताखाली आली तर ओकारी काढणारं मूल थेरपिस्टला नवं नाही. मिक्सरवर सगळं खापर फोडणं अन्यायाचं होईल, कारण काही मुलांना कण सोसत नाहीत म्हणूनच घरचे मिक्सरकडे वळतात. कारण आणि परिणाम इथे एकमेकांच्या पाठीवर बसलेले असतात.

तोंडाइतकंच महत्त्व अंगाला. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसे, पिंढऱ्यांवर बाळ पालथं, कोमट तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग गरम पाण्याचे तांबे. तिचा हात हलका नसे. खोल, सावकाश दाब असे. मग ओवा-बाळंतशोपांची धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळणं आणि पाळण्याचा किंवा झोळीचा एकसुरी झोका. चालू लागताना पांगुळगाडा, जो मूल स्वतः ढकलतं. (ज्यात मुलाला बसवून सोडतात, त्या आधुनिक वॉकरवर कॅनडानं 2004 मध्ये बंदी घातली, लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी, त्यात पायांना आणि खांद्यांना खरं काम करावं लागतं.) संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण: काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. हलव्याच्या दागिन्यांसाठी आजही पाय तुळशीबागेकडे वळतात.

दाब, झोका, वजन, खरखरीत स्पर्श. 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या ए. जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी हेच होतं. एअर्स यांचा जन्म 1920 चा. मूळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळल्या. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्याइतकीच त्यांना आणखी दोन ज्ञानेंद्रियं महत्त्वाची वाटत: अंतर्कर्णातलं तोलाचं इंद्रिय आणि सांध्या-स्नायूंतून येणारी आपल्याच अंगाची जाणीव. या सगळ्या वार्ता मेंदूत नीट जुळल्या नाहीत, तर मूल कपड्याच्या शिवणीनं बेचैन होतं, झोक्याला घाबरतं किंवा गिरक्या घेत सुटतं, गर्दीत कानांवर हात ठेवतं, आणि भेंडीची बुळबुळ जिभेला लागली तर सगळं ताटच नाकारतं. त्यावर उपाय म्हणजे मुलाला झेपेल अशा खेळांतून या संवेदनांचा सराव.

जुन्या घरातलं शहाणपण इथे थांबतं. बोरन्हाणाला बसवलेलं मूल डोक्यावर चुरमुरे पडताच किंकाळी फोडत असेल, तर आळीतल्या बायका हसत आणि आणखी एक मूठ टाकत. तेलाच्या हाताला जे मूल ताठ होई त्याला आणखी घट्ट धरलं जाई. ज्याला घास नको असे, त्याची दृष्ट काढली जाई. पोट सुटलं आणि हातपाय बारीक झाले तर मुडदूस म्हणत. काहीच लागू पडलं नाही तर पोर हट्टी आणि आई ढिली. रीत सगळ्यांना एकच होती. बहुतेक मुलांना ती मानवे आणि ज्यांना मानवत नसे त्यांच्यासाठी तिच्याकडे दुसरी रीत नव्हती. जी मुलं यातून जगलीच नाहीत, त्यांच्यापैकी किती जणांना गिळताच येत नव्हतं, हे सांगायला कुणी उरलेलं नाही.

रीत बाजूला ठेवून मुलाकडे बघणारा व्यवसाय महाराष्ट्रात कसा आला, त्याची गोष्ट अमेरिकेहून सुरू होऊन फलटणला पोहोचते, आणि वाटेत तिला पुणं लागतं.

1917 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे मूठभर लोकांनी ऑक्युपेशनल थेरपीची संस्था काढली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांनी विणकाम, सुतारकाम करत हात पुन्हा चालते केले आणि या शास्त्राला मान मिळाला. त्या काळात अमेरिकेत एलिझाबेथ लंडी नावाची क्वेकर घरातली मुलगी शिकत होती. जन्म 1900 चा. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी तिची गाठ पडली, 1930 मध्ये ती भारतात आली आणि कमला निंबकर झाली. खादी, मराठी संसार, मुलं हे सगळं झाल्यावर, वयाची चाळिशी उलटून गेल्यावर, त्यांनी अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं. परत येऊन 1950 मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाची स्थापना झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारताचं नाव होतं. ज्या देशात या व्यवसायाची शाळा जेमतेम दोन वर्षांची होती, त्या देशासाठी हे थोडं नव्हतं.

आता पुण्याचा धागा. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला शेतीसंशोधनात रमले. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. डेक्कन कॉलेजात माणसांच्या कवट्या मोजता मोजता नात्यागोत्यांचा भारतभर मागोवा घेणाऱ्या इरावतीबाई आणि परळच्या वॉर्डात रुग्णांच्या हातात काम देणाऱ्या कमलाबाई या दोघी एकमेकींच्या विहीणबाई होत्या. फलटणला मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेल्या शाळेला 1986 मध्ये ‘कमला निंबकर बालभवन’ हे नाव मिळालं. ऑक्युपेशनल थेरपीच्या भारतातल्या पहिल्या शिक्षिकेचं नाव आज सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जातं ते बहुधा या मराठी शाळेच्या हजेरीत.

कमलाबाईंच्या पिढीपुढे पोलिओनं लुळे पडलेले पाय, क्षयाचे दीर्घकाळचे रुग्ण आणि गिरणीत बोटं गमावलेले कामगार होते. न जेवणारं मूल त्यांच्या यादीत वर नव्हतं. ते हळूहळू वर आलं, आधी सेरेब्रल पाल्सीच्या वाटेनं. ज्या मुलाची मानच स्थिर राहत नाही, जीभ घास बाहेर ढकलते, त्याला कसं बसवायचं, हनुवटीला आधार कुठून द्यायचा, चमचा जिभेच्या कुठल्या भागावर टेकवायचा, ही त्या काळची कौशल्यं. मुंबईत 1972 मध्ये मिठू आलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली आणि अशा मुलांच्या शिक्षणाला घर मिळालं. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएममध्ये बालविकास केंद्र उभं राहिलं. बुधवार पेठेतून तिथे चालत जाता येतं. मुंबईचं केईएम 1926 चं आणि पुण्याचं 1912 चं, हे इथे सांगायला हवं, कारण दोन्ही रुग्णालयं एकाच राजाचं नाव मिरवतात आणि वाचकांचा घोटाळा होतो.

दुसरी वाट स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची. 1943 मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला आणि ऑटिझमची ओळख वैद्यकाला झाली. त्या अकरांपैकी सहा मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याची गंभीर अडचण होती. एकीला तर नळीनं भरवावं लागलं होतं. बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून ही मुलं अन्न नाकारतात, असा अर्थ कॅनर यांनी लावला. पुढे काही दशकं तिकडेही दोष थंड स्वभावाच्या आईवरच ढकलला गेला. बुधवार पेठेतल्या सासूबाई आणि अमेरिकेतले मनोविश्लेषक इथे एकमतानं बोलत होते. संवेदनांचं अति किंवा अल्प जाणवणं हे ऑटिझमच्या निकषांत मनोविकारांच्या अमेरिकी नियमावलीनं घेतलं ते थेट 2013 मध्ये. त्याच आवृत्तीत वजनाच्या किंवा दिसण्याच्या चिंतेशी संबंध नसलेल्या, पोत, वास किंवा घुसमटण्याच्या भीतीनं होणाऱ्या अन्ननकाराला स्वतंत्र निदान मिळालं. आपल्या अपंग हक्कांच्या कायद्यात ऑटिझम अपंगत्वाच्या यादीत आलं 2016 मध्ये. 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतं.

थेरपीच्या खोलीत चालतं काय, ते बघितलं की बाहेरच्याला आधी ती बालवाडी वाटते. टांगलेला गोल लोडाचा झोपाळा, मोठा चेंडू, गाद्या, परातीत रवा, डब्यात मूग. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. त्यात अन्न येतं ते शेवटी शेवटी, आणि तेही खाण्यासाठीच असं नाही. केळं नुसतं समोर ठेवायचं. मग चमच्यानं ढकलायचं. मग बोटानं. मग गालाला, ओठाला, जिभेच्या टोकाला. चाटून थुंकायला वाटी ठेवलेली असते आणि थुंकलं तर शाबासकी मिळते. हे बघून सोबत आलेल्या आजीचा जीव वरखाली होतो. बसण्याची जागा अशी, की पाय लोंबकळणार नाहीत, कारण पायाखाली आधार नसला तर जबडाही नीट काम करत नाही. घरी करायला दिलेल्या कामांत कणीक तिंबणं, मटार सोलणं, बादलीभर पाणी उचलून नेणं, आणि जेवताना मोबाइल बंद. चिऊ-काऊच्या घासाची जागा मोबाइलनं घेतली हे खरं. पण चिऊकाऊ दाखवणारं माणूस मुलाच्या तोंडाकडे बघत होतं. पडद्यासमोर तोंड उघडणाऱ्या मुलाला आपण काय खातोय हेच कळत नाही, मग त्या पदार्थाशी ओळख होणार कशी?

या सगळ्याच्या आधी मात्र डॉक्टर हवेत. 2019 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं मुलांच्या खाण्याच्या विकाराची व्याख्या ठरवली, तिच्यात वैद्यकीय कारणं, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि घरातलं वातावरण या चारही बाजू तपासायला सांगितल्या आहेत. पोटातून अन्न वर येणं, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, टाळूची फट, सुजलेले टॉन्सिल यांपैकी काही असेल आणि आपण झोपाळा हलवत बसलो, तर वेळ मुलाचा जातो. वजन घटणं, घासागणिक ठसका, जेवताना ओठ निळे पडणं ही थेरपिस्टकडे न जाता तडक रुग्णालयात जाण्याची लक्षणं.

आणि हे शास्त्र पुरेसं सिद्ध झालं आहे का? इथे उत्साही लोक गप्प होतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2012 मध्ये म्हटलं, की संवेदनांवर आधारलेल्या उपचारांचा पुरावा तोकडा आहे आणि ते पालकांना सांगितलं पाहिजे. 2014 च्या एका अमेरिकी चाचणीत ऑटिझम असलेल्या 32 मुलांपैकी एअर्स-पद्धतीचे उपचार मिळालेल्यांनी ठरवून घेतलेली उद्दिष्टं जास्त चांगली गाठली. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 138 मुलांच्या चाचणीत चिडचिडेपणावर नेहमीच्या मदतीपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. निव्वळ ‘सेन्सरी’चा विकार म्हणून वेगळं निदान 2013 च्या नियमावलीनंही स्वीकारलेलं नाही. खाण्याच्या बाबतीत हळूहळू, पुन्हापुन्हा, दडपण न आणता ओळख करून देण्यामागे आधार बराच भक्कम आहे. अंगावर ब्रश फिरवल्यानं किंवा वजनाचं जाकीट घातल्यानं मूल जेवू लागेल, यामागे तो नाही. कुठल्याही केंद्रात पाऊल टाकणाऱ्या पालकांनी हे दोन वेगळे ठेवलेले बरे. तीन महिन्यांत कुठलं एक काम साधायचं, हे लिहून देणारा थेरपिस्ट निवडावा. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी 2002 च्या अधिनियमानं राज्य परिषद आहे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

पेठेतल्या मुलांना इथलाच गणेशोत्सव हीसुद्धा परीक्षा असते. दगडूशेठ हलवाई गणपती बुधवार पेठेतला, मानाचा दुसरा तांबडी जोगेश्वरीचा, चौथा तुळशीबागेचा. लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, ढोलाच्या एका पथकासमोर ती हास्यास्पद वाटते. ज्यांची मुलं या आवाजानं दोन दिवस घास घेत नाहीत, अशी कुटुंबं त्या दिवसांत नातेवाइकांकडे जातात. वाड्यांच्या जागी आलेल्या इमारतींत काचा लागल्या, तरी ताशा काचेतून येतोच.

याच पेठेत आणखी एका तऱ्हेचं बालपण आहे. वेश्यावस्तीतल्या अरुंद खोल्यांत वाढणाऱ्या मुलांची आई रात्री कामावर असते, जेवणाची वेळ ठरलेली नसते, आणि भरवणारा हात रोज बदलू शकतो. तिथे स्वयंसेवी संस्थांनी पाळणाघरं आणि रात्रीचे निवारे चालवले आहेत. थेरपीच्या पुस्तकांत पालकाला सहउपचारक म्हटलेलं असतं. आठवड्याला दोन भेटी, घरी रोज अर्धा तास सराव, जेवणाची नोंदवही. ही अपेक्षा नारायण पेठेतल्या दोन कमावत्या पालकांनाही पेलत नाही, मग बुधवारातल्या त्या आईची काय कथा? तिच्या मुलापर्यंत पोहोचायची सरकारी वाट अंगणवाडीतून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यातली पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतात, कमतरतेचे आजार, विकासातला उशीर आणि ऑटिझमची चिन्हं टिपतात आणि पुढच्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन तिथपर्यंत जायचं काम दिवसा झोपणाऱ्या आईनं करायचं, की पाळणाघरातल्या ताईनं, हे वस्तीत प्रत्येक मुलागणिक ठरतं.